पाटी पुसते, वही राहते

मागच्या आठवड्यात सांगितलेला दिवा लुकलुकला का? ज्यांचा लुकलुकला त्यांना शाबासकी! आणि ज्यांच्या कॉम्प्युटरनं लाल अक्षरांत काहीबाही सुनावलं, त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. आजची 'खटपट' खास तुमच्यासाठीच आहे.

सुरुवात करू या एका पत्रानं. सातवीतली एक मैत्रीण लिहिते :

"ताई, आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. दादानं दोन वर्षांपूर्वी तिच्या झाकणाला आर्डुइनो उनो बोर्ड आणि अंतर मोजणारा सेन्सर लावला. पाणी वर आलं की भोंगा वाजायचा आणि आजी मोटार बंद करायची. आता बाबांनी नवी टाकी आणलीय. तिचा ओव्हरफ्लोचा पाइप झाकणापासून बराच खाली आहे. त्यामुळे पाणी वाहून जातं, पण भोंगा काही वाजत नाही. फक्त एक आकडा बदलायचा आहे. पण दादानं ज्या कॉम्प्युटरवर आज्ञावली लिहिली, तो मध्यंतरी फॉरमॅट करून घेतला. बोर्ड मात्र अजून चालू आहे. त्या बोर्डातून आज्ञावली परत बाहेर काढता येईल का?"

किती छान प्रश्न आहे पाहा! आणि किती खरा. रोज पाणी वाया जातंय, उपाय एका आकड्याचा आहे, आणि तो आकडाच सापडत नाही. याचं उत्तर नीट समजून घ्यायचं, तर आधी बोर्डाच्या पोटात डोकवायला हवं.

बोर्डाच्या पोटात काय असतं?

आपण कॉम्प्युटरवर जी आज्ञावली लिहितो, तिला आर्डुइनोवाले 'स्केच' म्हणतात. तिच्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट आयएनओ' असतं. त्यात इंग्रजी शब्द असतात, कंस असतात, अर्धविराम असतात. आपण दिलेली नावंही असतात. समजा, तुमच्या मैत्रिणीच्या दादानं 'भोंगा' आणि 'टाकी' अशी नावं दिली असतील. शिवाय दोन तिरक्या रेघा मारून पुढे स्वतःसाठी टिपाही लिहिल्या असतील, 'हा आकडा सेंटिमीटरमध्ये' वगैरे.

आता उनो बोर्डावरची लांबट काळी चिप बघा. तिचं नाव एटीमेगा ३२८पी. (आजचे सगळे आकडे उनो आर-थ्री या बोर्डाचे आहेत, बरं का.) या चिपला ना इंग्रजी येतं, ना मराठी. तिला फक्त आकडे कळतात. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. त्याचं नाव कंपाइलर. आपण टिकमार्कचं बटण दाबतो, तेव्हा हा दुभाषा आपली आज्ञावली वाचतो आणि तिचे आकडे करतो.

हा दुभाषा मोठा काटकसरी आहे. चिपला नको असलेलं तो काहीच पुढे पाठवत नाही. आपल्या टिपा? गेल्या. 'भोंगा' आणि 'टाकी' ही नावं? तीही गेली. त्यांच्या जागी फक्त 'अमुक नंबरची जागा' एवढंच उरतं. रिकाम्या ओळी, सुरेख मांडणी, सगळं गेलं. उरते ती आकड्यांची लांबलचक माळ. तीच तारेतून बोर्डात जाते आणि तिथे कायमची बसते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. या मुक्काम ठोकून बसलेल्या आज्ञावलीला 'फर्मवेअर' म्हणतात. तुमच्या घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये, टीव्हीच्या रिमोटमध्येसुद्धा असंच फर्मवेअर बसलेलं असतं.

आता सांगा, शिजवून वाटलेल्या पुरणातून डाळ आणि गूळ पुन्हा वेगळे करता येतील का?

तसंच इथे आहे. बोर्डातली आकड्यांची माळ आपण वाचून काढू शकतो. ती जशीच्या तशी दुसऱ्या उनोवर चढवून हुबेहूब दुसरा भोंगाही करू शकतो. म्हणजे झेरॉक्स मिळते. पण ज्या रूपात दादानं ती लिहिली होती, ज्यात बोट ठेवून 'हा आकडा बदल' असं म्हणता येतं, ते रूप परत मिळत नाही. एखादा निष्णात माणूस त्या आकड्यांवरून बराचसा अंदाज बांधेल, पण तेही अंदाजच.

तर मैत्रिणी, पहिलं उत्तर असं आहे : नाही, दादाची आज्ञावली त्यानं लिहिली तशी बोर्डातून परत मिळणार नाही. पण निराश होऊ नकोस. मार्ग आहे. फक्त एक गोष्ट लगेच ऐक. त्या बोर्डाला कॉम्प्युटर जोडून 'बघू तरी चढतंय का' म्हणून दिवा लुकलुकवायची आज्ञावली चढवू नकोस. का, ते आता सांगते.

चढवताना काय होतं?

बाणाचं बटण दाबलं की बोर्डावरचे दोन छोटे दिवे भराभर लुकलुकतात आणि काही सेकंदांत काम फत्ते होतं. त्या काही सेकंदांत पुष्कळ घडामोडी होतात.

आधी कॉम्प्युटर तारेतून इशारा पाठवून बोर्डाला रीसेट करतो, म्हणजे झोपेतून गदागदा हलवतो. जागं होताच चिपमधली एक चिमुकली आज्ञावली कामाला लागते. तिचं नाव बूटलोडर. चिपच्या एका टोकाला तिची ५१२ बाइटची खोली असते. ती दारातल्या वॉचमनसारखी आहे. दरवेळी ती साधारण सेकंदभर कान देऊन ऐकते, 'कुणी नवी आज्ञावली घेऊन आलंय का?' कुणी आलं नसेल तर जुनी आज्ञावली सुरू करून देते. कुणी आलं असेल, तर त्याच्याकडून आकडे घेते आणि १२८-१२८ बाइटचे गठ्ठे करून चिपच्या स्मृतीत उतरवते. शेवटी कॉम्प्युटर ते सगळे आकडे परत वाचून पडताळा घेतो. गणिताच्या तासाला आपण करतो ना, तस्सा!

थोडं गणित करू. चिपमध्ये आज्ञावलीसाठी एकूण ३२ किलोबाइट जागा आहे, म्हणजे ३२ गुणिले १०२४, बरोबर ३२,७६८ बाइट. त्यातून वॉचमनच्या खोलीचे ५१२ वजा करा. उरले ३२,२५६. आज्ञावली तपासून झाल्यावर कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली हाच आकडा दिसतो. पुढच्या वेळी मुद्दाम बघा.

आणि जुन्या आज्ञावलीचं काय होतं? एकावेळी एकच बिऱ्हाड राहू शकतं. नवी आली की तिला लागेल ती जागा पुसली जाते आणि जुनी संपते. परत आणायचं बटण नाही, कचऱ्याची टोपली नाही. बोर्ड ही पाटी आहे. नवीन लिहायचं तर जुनं पुसावंच लागतं. म्हणून म्हटलं, दादाच्या पाटीला इतक्यात हात लावू नकोस.

बोर्ड ऐकतच नाही तेव्हा

पुष्कळांची तक्रार असते की वॉचमन दारच उघडत नाही. पडद्यावर 'नॉट इन सिंक' असे शब्द येतात. त्याचा साधा अर्थ असा, की कॉम्प्युटरनं हाक मारली, पण ओळखीची ओ आली नाही. मग बोर्ड जळला असं समजून फेकू नका. या क्रमानं तपासा.

पहिली तार. काही यूएसबी तारा फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांच्यात वीज नेणाऱ्या तारा असतात, पण निरोप नेणाऱ्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो आणि आपण फसतो. तार बदलून पाहा.

दुसरं पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरचं कोणतं दार. मेनूतली पोर्टची यादी बघा. बोर्ड काढा, परत यादी बघा. जे नाव गायब झालं, तेच आपल्या बोर्डाचं. यादीत काहीच फरक पडत नसेल, तर तार तरी खराब आहे नाहीतर ड्रायव्हर तरी नाही. स्वस्तातल्या पुष्कळ बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० नावाची चिप असते. काही कॉम्प्युटरवर तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो.

तिसरं बोर्डाचं नाव. मेनूत उनो निवडला आणि हातात नॅनो असला, तर कसं जमेल? नॅनोची तर आणखी एक गंमत आहे. २०१८ पासून खऱ्या नॅनोवर नवा वॉचमन आला. तो सेकंदाला १,१५,२०० या वेगानं बोलतो. जुना ५७,६०० नं बोलायचा, म्हणजे बरोबर निम्म्या वेगानं. बाजारातल्या अनेक नकलांवर अजून तो जुनाच असतो. एक भरभर बोलतोय, दुसऱ्याला सावकाश बोलणंच कळतं. मग संवाद कसा व्हायचा? अशा वेळी प्रोसेसरच्या मेनूत 'ओल्ड बूटलोडर' निवडायचं.

चौथं, ० आणि १ नंबरच्या पिना. चढवताना निरोप याच दोन पिनांवरून जातात. तिथे ब्लूटूथचा किंवा दुसरा कसला तुकडा जोडला असेल, तर मध्येच दोघे बोलायला लागतात. चढवण्यापुरती ती जोडणी काढून ठेवा.

दुसऱ्याचं पान आपल्या वहीत

आता समजा, नव्यानं आज्ञावली लिहायला बसलो. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि त्याचा पाण्यावरून येणारा प्रतिध्वनी टिपतो. आवाजाला एक सेंटिमीटर जायला साधारण २९ मायक्रोसेकंद लागतात. जाऊन परत यायला ५८. म्हणून आलेल्या वेळेला ५८ नं भागलं की पाणी किती सेंटिमीटरवर आहे ते कळतं. हे सगळं आपण स्वतः लिहू शकतो. पण कुणीतरी ते आधीच लिहून, तपासून, सगळ्यांसाठी मोफत ठेवलं असेल तर? असं ठेवलेलं काम म्हणजे लायब्ररी. या सेन्सरसाठी 'न्यूपिंग' नावाची लायब्ररी आहे. आपल्या आज्ञावलीच्या डोक्यावर 'इन्क्लूड' लिहून तिचं नाव घातलं की तिच्यातली कामं आपल्याला वापरता येतात.

पण याला लायब्ररी का म्हणायचं? पुस्तकं कुठे आहेत तिथे?

त्यासाठी इंग्लंडमधल्या केंब्रिजला जाऊ या. सन १९४९. तिथल्या विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडसॅक नावाचा संगणक उभा केला. आज्ञावल्या असायच्या कागदी फितीवर, छिद्रांच्या रूपात. विल्क्स यांच्या लक्षात आलं की प्रत्येक जण तीच तीच गणितं पुन्हा लिहितो आणि त्याच त्या चुका करतो. मग नेहमी लागणाऱ्या कामांच्या फिती एकदाच नीट तपासून एका पोलादी कपाटात लावून ठेवल्या. ज्याला जी हवी, त्यानं ती काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर करून घ्यायची आणि मूळ फीत परत जागेवर ठेवायची. शाळेतल्या ग्रंथालयाच्या कपाटासारखंच! म्हणून नाव पडलं लायब्ररी. १९५१ पर्यंत त्या कपाटात ८७ कामं जमली होती.

याच संगणकावर डेव्हिड व्हीलर नावाच्या तरुणानं आणखी एक काम केलं. संगणक सुरू झाल्यावर फीत वाचून घ्यायची हे संगणकाला सांगणार कोण? व्हीलरनं त्यासाठी पहिल्यांदा केवळ ३१ सूचना लिहिल्या आणि त्या यंत्रातच पक्क्या बसवल्या. ओळखीचं वाटतंय ना? आपला दारातला वॉचमन, त्याचेच हे पणजोबा.

आर्डुइनो खूप नंतरचा. तो २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावात, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत जन्मला. इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांनाही कमी पैशांत खटपट करता यावी, ही त्यामागची इच्छा. गावात आर्दुइनो राजाच्या नावाचं एक पेयगृह होतं, त्यावरून बोर्डाचं नाव ठेवलं. पण कपाटाची कल्पना तीच राहिली. फक्त आता कपाट जगभर पसरलंय.

पुस्तक कपाटात नाही!

आज्ञावली तपासायला दिली आणि लाल अक्षरांत 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असं आलं, तर घाबरायचं नाही. दुभाषा एवढंच म्हणतोय, 'तुम्ही सांगितलेलं पुस्तक तुमच्या कपाटात मला सापडलं नाही.' त्या वाक्यात सापडत नसलेल्या फाइलचं नावही तो सांगतो. लाल अक्षरांच्या वीस ओळी आल्या तरी पहिल्या चुकीची ओळ आधी वाचा. पुढच्या ओळी बहुतेक वेळा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

पुस्तक आणायचं कसं? आर्डुइनोच्या खिडकीत 'लायब्ररी मॅनेजर' आहे. तिथे नाव शोधा आणि 'इन्स्टॉल' दाबा. कधी कधी एका पुस्तकाला दुसरं पुस्तक लागतं. हवेतला दमटपणा मोजणाऱ्या डीएचटी सेन्सरची ॲडाफ्रूटची लायब्ररी घ्यायला गेलात, तर ती 'युनिफाइड सेन्सर' नावाची आपली बहीणही सोबत मागते. 'तीही घालू का?' असा प्रश्न आला की 'इन्स्टॉल ऑल' म्हणायचं. ते न वाचता खिडकी बंद केली की हमखास अडतं.

घेतलेल्या लायब्ऱ्या बहुधा 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आर्डुइनो' या फोल्डरात, त्यातल्या 'लायब्ररीज'मध्ये जाऊन बसतात. हेच तुमचं कपाट. एकदा उघडून बघा. पण आपली स्वतःची आज्ञावली त्यात ठेवू नका आणि दुसऱ्याच्या पुस्तकात पेनानं खाडाखोडही करू नका. नवी आवृत्ती आली की ते पुस्तक बदललं जातं आणि तुमची खाडाखोड त्याबरोबर जाते.

एकाच नावाची दोन पुस्तकं

कधी तक्रार वेगळीच असते. पुस्तक आहे, नावही बरोबर आहे, तरी आज्ञावली अडते. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे दोन ओळींचा छोटा एलसीडी पडदा. चार तारांनी जोडता येतो म्हणून मुलांचा तो लाडका. त्याच्यासाठी 'लिक्विडक्रिस्टल आयटूसी' याच नावाची फाइल असलेल्या लायब्ऱ्या वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्या आहेत. एकीत पडदा सुरू करायला 'इनिट' म्हणायचं असतं, दुसरीत 'बिगिन'. तुम्ही पहिलीप्रमाणे लिहिलं आणि कपाटात दुसरी असली, तर दुभाषा म्हणतो, 'इनिट नावाचं यांच्या घरात कुणी नाही!' आणि दोन्ही कपाटात असल्या, तर तो स्वतःच त्यातली एक उचलतो. कोणती उचलली आणि कोणती नाही, हे तो 'यूज्ड' आणि 'नॉट यूज्ड' असं लिहून सांगतो. तेवढ्या दोन ओळी वाचल्या तर अर्धा दिवस वाचतो. नको असलेली लायब्ररी कपाटातून काढून टाका.

तिसरा प्रकार आवृत्तीचा. प्रत्येक लायब्ररीला २.१.४ असा तीन आकड्यांचा क्रमांक असतो. शेवटचा आकडा वाढला, म्हणजे बारीकसारीक चुका दुरुस्त केल्या. मधला वाढला, म्हणजे काही नवीन घातलं. पहिला वाढला, की सावध व्हायचं! पाठ्यपुस्तक बदललं असं समजा. जुन्या पुस्तकातला पान नंबर नव्यात चालेलच असं नाही. सगळेच लेखक हा नियम काटेकोर पाळत नाहीत, पण बहुतेक पाळतात.

ईएसपी-३२ या वायफाय असलेल्या बोर्डाचं पाहा ना. आर्डुइनोत हा बोर्ड वापरायला जे पॅकेज घालावं लागतं, त्याची तिसरी मोठी आवृत्ती २०२४ मध्ये आली. दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला आधी दोन वेगळ्या सूचना द्याव्या लागत. नव्या आवृत्तीत त्या दोन्ही काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी एकच आणली. झालं! आदल्या वर्षी उत्तम चालणाऱ्या कितीतरी आज्ञावल्या त्या आवृत्तीवर अडायला लागल्या. लिहिणाऱ्याची चूक काहीच नव्हती. पुस्तक बदललं होतं.

मग करायचं काय? मॅनेजरमध्ये लायब्ररीच्या नावाखाली आवृत्तीची यादी असते. तिथून जुनी आवृत्ती परत घेता येते. पण त्यासाठी एक गोष्ट ठाऊक हवी : आपण कोणती वापरली होती! आणि हो, विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी 'सगळं अपडेट करू का?' असं कॉम्प्युटरनं विचारलं, तर नम्रपणे नाही म्हणा.

तर मग मैत्रिणी...

आता तुझ्या टाकीकडे येऊ. असं कर.

आधी दादाला फोन लाव आणि जुने पेन ड्राइव्ह, ईमेल, मोबाइल शोधायला सांग. 'डॉट आयएनओ' म्हणून शोधायचं. सापडली तर पेढे वाट.

नाही सापडली, तर बोर्ड आहे तसाच राहू दे. मोठ्या माणसाला सोबत घे आणि कोणत्या पिनेला कोणती तार जाते, ते रंगासकट कागदावर काढ. हे दादाचं शिल्लक राहिलेलं अक्षर आहे, असं समज.

मग दुसरा उनो मिळव. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर सरांना किंवा मॅडमना विचार. त्यावर आपली नवी आज्ञावली लिहून चढव. आधी बादलीवर प्रयोग कर. बादली भरत आली की भोंगा वाजतो का बघ. नव्या टाकीत झाकणापासून ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतचं अंतर टेपनं मोजून घे. समजा ते ३५ सेंटिमीटर भरलं, तर भोंगा ४० वरच वाजायला हवा, म्हणजे आजीला जिना उतरून बटणापर्यंत जायला वेळ मिळेल. सगळं जमलं की मगच बोर्डांची अदलाबदल. मोटारीच्या विजेला मात्र हात लावायचा नाही. ती २३० व्होल्टची असते. आपलं काम भोंग्यापर्यंतच.

आणि हे करताना तुला दादापेक्षा एक गोष्ट जास्त करायची आहे. वही घालायची आहे.

खटपटीची वही

प्रत्येक प्रयोगाला एक पान. त्यावर एवढं लिहा :

१. प्रयोगाचं नाव आणि तारीख.
२. बोर्ड कोणता. मेनूत काय निवडलं, तेही.
३. कोणकोणत्या लायब्ऱ्या, कुणाच्या, आणि आवृत्तीचे तिन्ही आकडे.
४. कोणत्या पिनेला काय जोडलं, त्याची आकृती.
५. आज्ञावलीची फाइल कुठे ठेवली. एक प्रत कॉम्प्युटरवर आणि एक कॉम्प्युटरच्या बाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये.

यातले पहिले चार मुद्दे आज्ञावलीच्या डोक्यावरही दोन तिरक्या रेघा मारून लिहा. दुभाषा ते बोर्डात पाठवणार नाही, पण पुढे फाइल उघडणाऱ्याला ते दिसेल. तो उघडणारा तुमचा धाकटा भाऊ असेल, वर्गातली मैत्रीण असेल किंवा दोन वर्षांनी मोठे झालेले तुम्हीच असाल.

आणखी एक युक्ती. आज्ञावलीच्या 'सेटअप'मध्ये सीरियल सुरू करून एक ओळ छापायला सांगा : प्रयोगाचं नाव, तारीख, कितवी आवृत्ती. टिपा गळतात, पण छापायला सांगितलेले शब्द गळत नाहीत, ते आकड्यांच्या रूपात बोर्डातच राहतात. मग कधीही बोर्ड जोडून सीरियल मॉनिटर उघडलात, की उनो पुन्हा सुरू होतो आणि आपलं नाव-गाव स्वतःच सांगतो. कपाटाच्या तळाशी सापडलेल्या बोर्डात काय आहे, हे कळायला आणखी काय हवं? फक्त मॉनिटरचा वेग आज्ञावलीत लिहिला होता तोच ठेवा, नाहीतर खिडकीत चित्रविचित्र अक्षरं दिसतील.

गेल्या वेळच्या कोड्याचं उत्तर : पाच व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण २ व्होल्ट गेले, उरले ३. तीनला २२० ओहमनं भागलं की ०.०१३६ ॲम्पिअर, म्हणजे १३.६ मिलिॲम्पिअर.

या आठवड्याचं कोडं : आपल्या चिपची पाटी किमान १०,००० वेळा पुसून लिहिता येईल, अशी ती बनवणाऱ्यांची खात्री आहे. तुम्ही एकही सुट्टी न घेता रोज १० वेळा आज्ञावली चढवलीत, तर ही खात्री किती वर्षं आणि साधारण किती महिने पुरेल? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. त्याखाली तुमच्या खटपटीच्या वहीतलं एक पान उतरवून काढलंत, तर मला ते पाहायला फार आवडेल.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर तार तपासा, पोर्ट बघा आणि लाल अक्षरं वाचा!

तुमची,
खटपट्या ताई